बागेतला मालधक्का

खेळण्यातली आगगाडी फार तर दहा मिनिटे मन रमवते. वर्तुळाकार रुळांवरून ती जेथून निघते तेथेच परत येते. तिला कोठे जायचे नसते आणि कोणी तिची वाट पाहत नसते. तिच्या डब्यांपैकी एकाला जरी अमुक एका वखारीच्या दारात उभे राहण्याचे काम नेमून दिले, तरी चित्र पालटते. मग तो डबा गाडीत कोठे जोडावा, कोणत्या सांध्यावरून आत न्यावा, रिकामा झाल्यावर त्याने कोठे जावे, असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात, आणि खेळणे मागे पडून कारभार सुरू होतो.

घरामागच्या बागेत लहान रूळ टाकून आगगाड्या चालवण्याचा छंद इंग्लंड-अमेरिकेत जुना आहे. १९६८ साली जर्मनीतील लेहमान या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने ऊनपावसात टिकतील अशा मोठ्या मापाच्या गाड्या बाजारात आणल्या, आणि तो बराच पसरला. या गाड्यांच्या दोन रुळांमधील अंतर ४५ मिलिमीटर असते. झुडपांतून, दगडी बोगद्यातून, एखाद्या तळ्याच्या काठाने फिरणारी गाडी खुर्चीत बसून पाहावी, हा बहुतेकांचा आनंद. त्यात गैर काही नाही. परंतु थोडे लोक असे असतात की त्यांचे नुसत्या फिरण्याने समाधान होत नाही. त्यांना मालवाहतूक हवी असते, खऱ्या रेल्वेत चालते तशी, कागदपत्रांसह. बार्शीच्या एका निवृत्त आडत्याची गाठ अशाच मंडळींशी पडली.

घरात त्यांना सारे अण्णा म्हणतात. बार्शीच्या बाजारात चाळीस वर्षे त्यांनी धान्याची आडत केली. मुलगा शिकून अमेरिकेस गेला आणि तेथेच स्थिरावला. पत्नीच्या निधनानंतर अण्णांनी दुकान आवरायचे ठरवले, आणि आवरले तेही त्यांच्या पद्धतीने. शेतकऱ्यांचे देणे चुकते केले, व्यापाऱ्यांकडील येणे गोळा केले, जे वसूल होण्यासारखे नव्हते ते सोडून दिले, दिवाणजींच्या हाती वर्षाचा पगार ठेवला, आणि शेवटच्या रोजमेळात शिल्लक शून्य दाखवून खाली रेघ मारली. कोणाचे एक पैसा देणे नाही, कोणाकडे एक पैसा येणे नाही. व्यापाऱ्याच्या आयुष्यात हे समाधान थोडे नव्हे.

पेन्सिल्व्हेनिया राज्यात, हॅरिसबर्गजवळच्या मुलाच्या घरी राहायला आल्यावर मात्र त्या शून्याचा दुसरा अर्थ त्यांना कळू लागला. सकाळचे स्वाध्याय-सामायिक आटोपून नऊ वाजले की पुढे काही नाही. फोन वाजत नाही. वाजला तर तो त्यांच्यासाठी नसतो. मुलगा-सून प्रेमळ, नात लाघवी. उणीव प्रेमाची नव्हतीच. ज्यांच्या एका शब्दावर शंभर शंभर पोत्यांचा सौदा ठरत असे, त्यांच्या शब्दावाचून आता कोणाचेच काही अडत नव्हते.

शेजारी एक वृद्ध अमेरिकन गृहस्थ राहतात. त्यांच्या परसात सुमारे नव्वद मीटर लांबीचा रूळ आहे. तो वाटेल तसा टाकलेला नाही. त्याच राज्यात, जुनियाटा नदीकाठच्या माउंट युनियन गावापासून दक्षिणेस रॉबर्ट्सडेलच्या कोळसा खाणींपर्यंत 'ईस्ट ब्रॉड टॉप' नावाची रेल्वे होती. तिची ही प्रतिकृती. मूळ मार्ग सुमारे ३३ मैलांचा, आणि रुळांतील अंतर तीन फूट. १:२०.३ या प्रमाणात तीन फुटांचे बरोबर ४५ मिलिमीटर होतात, म्हणून शेजाऱ्यांनी ते प्रमाण धरले. त्या हिशेबाने बागेतले नव्वद मीटर म्हणजे खरे पावणेदोन किलोमीटरच्या किंचित वर. ३३ मैलांपुढे ते काहीच नव्हे. तेव्हा वाटेतले डोंगर आणि वळणे गाळून जेथे माल चढतो किंवा उतरतो तेवढीच ठिकाणे त्यांनी ठेवली: दक्षिणेस खाण, मध्ये ऑर्बिसोनियाचे स्थानक, उत्तरेस माउंट युनियन. तेथे कोळसा साफ करण्याचा कारखाना, भट्टीच्या विटांचा कारखाना, आणि मोठ्या रेल्वेशी जोड. एखाद्या व्यापाऱ्याला रस्त्याचे वर्णन विचारले तर तोही असेच करील. कोणत्या गावी काय पिकते आणि कोणत्या गावी काय खपते, एवढे सांगून तो थांबेल.

पहिल्या दिवशी कुंपणाशी बोलणे झाले तेव्हा दुभाषी नात होती. आजोबा पूर्वी काय करीत, असे शेजाऱ्यांनी विचारले. आडत हा शब्द इंग्रजीत आणताना ती थोडी अडखळली आणि 'एजंट' म्हणाली. शेजाऱ्यांचा चेहरा उजळला. जुन्या अमेरिकन रेल्वेत लहान स्थानकावर जो माणूस माल घेई, पावत्या फाडी, वाघिणींची मागणी नोंदवी आणि भाडे वसूल करी, त्याचे पदनाव एजंटच होते. माउंट युनियनच्या एजंटाची जागा बरेच दिवस रिकामी आहे, शनिवारी याल का, असे त्यांनी विचारले. नातीने ते मराठीत सांगितले. अण्णांना सारे कळले होते अशातला भाग नाही. परंतु जागा रिकामी आहे हे शब्द त्यांना कळले.

या कारभाराची पद्धत थोडक्यात सांगता येते. १९६१ साली डग स्मिथ नावाच्या छांदिष्टाने 'मॉडेल रेलरोडर' या मासिकात ती मांडली, आणि अजून ती फारशी बदललेली नाही. प्रत्येक वाघिणीचे एक कार्ड असते. त्यावर तिचा क्रमांक, प्रकार, आणि रिकामी असताना तिने कोठे परतावे हे लिहिलेले. कार्डाला खालच्या बाजूस एक खिसा. त्या खिशात बिल्टी. बिल्टीवर माल कोणता, पाठवणारा कोण, घेणारा कोण. एका बिल्टीच्या दोन अंगांना दोन-दोन टोके मिळून चार प्रवास लिहिता येतात. एक पुरा झाला की बिल्टी फिरवून खिशात ठेवायची आणि दुसरा प्रवास दिसू लागतो. वाघीण हलली की कार्ड हलते. गाडी घेऊन जाणाऱ्या दोघांपैकी एक इंजिन चालवतो, दुसरा गार्ड म्हणून कार्डांचा गठ्ठा हातात घेऊन गाडीबरोबर चालतो. बागेत हे चालणे खरोखरीचे असते. रुळांतून वीज देण्यापेक्षा इंजिनाच्या पोटात बॅटरी ठेवून ते रेडिओने चालवणे शेजाऱ्यांना सोयीचे वाटते. पावसाने आणि पानांच्या चिकाने रूळ सारखे काळवंडतात, आणि दर वेळी ते घासत बसणे म्हाताऱ्या गुडघ्यांना परवडत नाही.

कार्डावाचून वाघीण हलवायची नाही, हा या घरचा एकमेव कडक नियम. अण्णांना तो सांगावा लागला नाही. त्यांना अडचण वेगळीच आली.

पहिल्या शनिवारी त्यांच्या हाती दिलेल्या बिल्टीवर कोळसा लिहिला होता आणि वाघीण रिकामी होती. माल नसताना बिल्टी फाडणे यास बाजारात काय म्हणतात हे वाचकांस सांगायला नको. अण्णांनी कार्ड खाली ठेवले आणि माल कोठे आहे असे विचारले. शेजाऱ्यांनी हसून फळीवरून कोळशाचा एक ठोकळा उचलला आणि वाघिणीत ठेवला. तो ठोकळा उलटा केल्यावर कळले की वर चिकटवलेला कोळसा पाव इंचाचा आहे आणि खाली सारा फोम. वरती दाणा आणि खाली भुसा! चाळीस वर्षे पोत्यात परखी खुपसून ज्या लबाडीचा अण्णांनी पाठलाग केला, ती येथे सुबक करून ठेवलेली. नातीला हसू आवरेना.

शेजाऱ्यांनी मग कागद घेऊन हिशेब केला. लांबी, रुंदी, उंची तिन्ही १:२०.३ झाल्या की घनमान सुमारे ८,३६५ पटींनी कमी होते. तीस टन कोळशाचे साडेतीन किलोंच्या वर होतात. अशा बारा वाघिणी भरल्या तर त्रेचाळीस किलोंचा नुसता माल झाला. तो चढावर ओढताना इंजिनाचे दाते झिजतील आणि वाघिणींचे आसही टिकणार नाहीत. अण्णांना आकडे पटले. मन पटायला वेळ लागला. शेजाऱ्यांचे उत्तर साधे होते. कार्डावर वजन कोठेच लिहिलेले नाही. त्यावर कोठून आणि कोठे एवढेच आहे. तेवढे खरे झाले पाहिजे.

ते खरे करणे सोपे नसते, हे दोन-तीन शनिवारांत अण्णांच्या लक्षात आले. नव्याने आलेला एक पाहुणा भरलेल्या वाघिणी खाणीकडे घेऊन निघाला, तेव्हा त्यांनी हात वर करून गाडी थांबवली. खाणीकडे कोळसा पाठवणे म्हणजे बाजारातून शेतकऱ्याच्या खळ्यावर तूर पाठवण्यासारखे. खाणीकडे जायच्या त्या रिकाम्या वाघिणी, आणि त्यांच्याबरोबर बोगद्यात आधाराला लागणारे लाकूड, गावच्या दुकानांचा किराणा. हे ज्याला उमगले त्याला पुढचे शंटिंग उमगते. गाडी लावताना वाघिणींचा क्रम स्थानकांच्या क्रमाने असावा, म्हणजे जी आधी सोडायची ती इंजिनाजवळ. अण्णांना यात शिकण्यासारखे काही नव्हते. ट्रक भरताना ज्याचा माल शेवटी उतरायचा त्याची पोती आधी आत जातात, हे बार्शीतला पोरगाही सांगेल.

सांध्याची दिशा मात्र त्यांना नवी होती. काही सायडिंगांचे तोंड गाडीच्या पाठीमागे असते. गाडी पुढे जाऊन थांबते, सांधा बदलतो, आणि इंजिन वाघीण मागे ढकलून आत सोडते. काहींचे तोंड समोर असते. तेथे वाघीण इंजिनाच्या मागे असल्याने ती आत ढकलता येत नाही. इंजिन गाडीपासून सोडवून दुसऱ्या रुळाने फिरवून वाघिणीच्या पाठीशी आणावे लागते. या फिरण्याला रिकामा दुसरा रूळ हवा, आणि तो इंजिनासह पुरेल इतका लांब हवा. ऑर्बिसोनियाला तो पाच वाघिणींपुरता आहे. सहावी आली की सारे अडते. एका दुपारी अर्धा तास तिघे वृद्ध एका सहाव्या वाघिणीभोवती उभे होते. अण्णांनी अखेर ती गाडीत घेतलीच नसती तर, असे विचारले. पुढच्या वेळेपासून माउंट युनियनहून पाचांपेक्षा अधिक वाघिणी ऑर्बिसोनियासाठी द्यायच्या की नाहीत हे एजंटाने ठरवावे, असा नियम झाला. सुमारे तीन वर्षांनी प्रथमच अण्णांच्या शब्दावर काही अडू लागले.

छंदी मंडळींत घड्याळ चौपट किंवा सहापट वेगाने पळवण्याचीही रीत आहे, म्हणजे एका दुपारात पूर्ण दिवस बसतो. शेजारी ते करीत नाहीत. माणसे सत्तरीच्या पुढची आहेत, पळते घड्याळ कोणाला हवे आहे?

अण्णा माउंट युनियनमध्ये रमले याचे आणखी एक कारण होते, आणि ते शेजाऱ्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. बार्शीकरांना गेज बदलणे म्हणजे काय ते समजवावे लागत नाही. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, अशी अडीच फुटी लाइट रेल्वे सुरू केली. प्रत्येक आसावरील भार पाच टनांवर नेमका राखून हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो, हे त्याने त्या मार्गावर दाखवले. पुढे ती एकीकडे लातूर आणि दुसरीकडे पंढरपूर, मिरजेपर्यंत गेली. परंतु कुर्डुवाडीला मोठ्या रेल्वेचे रूळ वेगळे. लहान वाघिणीतले प्रत्येक पोते हमालाच्या पाठीवरून मोठ्या वाघिणीत जाई. वडिलांबरोबर गेलेला लहानगा अण्णा धक्क्यावर बसून पोती मोजत असे, आणि मोजणीत एक पोते कमी आले तर रात्र तेथेच काढावी लागे. हातात आकडा, पायाशी सांडलेले धान्य, टिपून घेणाऱ्या चिमण्या. पेन्सिल्व्हेनियात बसून त्यांना ते सारे स्वच्छ आठवते.

माउंट युनियनलाही हीच अडचण होती. तेथील लोकांनी तोड निराळी काढली. लाकडाचे ओंडके हलवण्यासाठी उभारलेल्या मोठ्या यारीने मोठ्या रेल्वेची भरलेली वाघीणच उचलायची, तिच्या खालची रुंद चाकांची गाडी काढून अरुंद गाडी सरकवायची, आणि वाघीण तशीच लहान रुळांवरून पुढे पाठवायची. माल हलत नाही, चाके बदलतात. शेजाऱ्यांच्या बागेत ती यारी आहे, आणि तिच्याखाली पाच मिनिटांत चाके बदलता येतात. अण्णांनी पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा बराच वेळ ते बोलले नाहीत. किती हमाली वाचली असती, किती सांडलवंड टळली असती, आणि कुर्डुवाडीच्या किती घरांची चूल त्या हमालीवर पेटत होती, हे तिन्ही विचार एकाच वेळी आले असतील तर नवल नाही. कॅलथ्रॉपलाही हा प्रश्न सुटला नव्हता असे नाही. इंग्लंडात १९०४ साली सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड या त्याच्या अडीच फुटी रेल्वेवर त्याने मोठी वाघीण पाठीवर घेऊन जाणाऱ्या सपाट गाड्या वापरल्या. कुर्डुवाडीला मात्र पोती पाठीवरूनच जात राहिली.

मूळ ईस्ट ब्रॉड टॉपचा कोळसा १९५६ च्या एप्रिलमध्ये थांबला. रेल्वे एका भंगार व्यापाऱ्याने विकत घेतली. रूळ उखडून विकणे हा त्याचा धंदाच होता. त्याने ते उखडले नाहीत, आणि १९६० पासून काही मैलांवर प्रवाशांना घेऊन गाडी पुन्हा धावू लागली. भंगारवाल्याने भंगारात न काढलेली रेल्वे ही गोष्ट अण्णांनी बार्शीच्या मित्राला फोनवर दोनदा सांगितली.

दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये विटांच्या कारखान्याच्या सायडिंगखाली, खडीत, मुंग्यांनी घर केले. रुळांवरून त्यांची रांग अखंड. शेजाऱ्यांनी नेहमीप्रमाणे औषधाची बाटली काढली. अण्णा दर शनिवारी गाड्या सुरू होण्यापूर्वी मऊ कुंचा घेऊन सारा मार्ग एकदा झाडतात, गोगलगाय असली तर पानावर घेऊन बाजूस ठेवतात. शेजाऱ्यांना ते ठाऊक होते आणि त्यांनी कधी काही विचारले नव्हते. बाटली पाहून अण्णा काही बोलले नाहीत. ते आपल्या टेबलाशी गेले, एक कोरा कागद घेतला आणि नातीकडून त्यावर इंग्रजीत लिहून घेतले: विटांच्या कारखान्याचे सायडिंग पुढील सूचनेपर्यंत बंद, त्या ठिकाणचे बुकिंग घेऊ नये. खाली सही, एजंट, माउंट युनियन.

शेजाऱ्यांनी कागद वाचला आणि बाटली परत ठेवली. खऱ्या रेल्वेत दरड कोसळली, पूल खचला, कारखान्यात संप झाला की असेच हुकूम निघतात. व्यापाऱ्यांना बुकिंग बंद हे शब्द पुरेसे परिचयाचे असतात. त्या उन्हाळ्यात विटांच्या कारखान्यासाठी निघालेल्या दगडाच्या चार वाघिणी वाटेत अडकल्या. त्या कोठे ठेवाव्यात यावरून ऑर्बिसोनियाच्या यार्डात इतकी दाटी झाली की जमलेल्या मंडळींना एवढी रंगत पूर्वी कधी आली नव्हती. ऑगस्टमधल्या एका मोठ्या पावसानंतर मुंग्या आपण होऊन निघून गेल्या. दुसऱ्या शनिवारी बुकिंग उघडले.

बागेतल्या रेल्वेची खरी कसोटी मात्र संध्याकाळी लागते. घराच्या आत मांडलेल्या रेल्वेत वाघीण जेथे उभी असेल तेथे राहू देता येते. पुढल्या वेळी दिवा लावला की ती तेथेच असते. बागेत रात्री दव, पाऊस, खारी. साऱ्या वाघिणी उचलून खोलीतल्या फळ्यांवर न्याव्या लागतात. म्हणजे दर वेळी रेल्वे पुसून टाकायची आणि दर वेळी नव्याने मांडायची. पुष्कळ ठिकाणी लोक येथेच सैल होतात. कोठली वाघीण कोठे होती हे कोण लक्षात ठेवणार, म्हणून पुढल्या वेळी सोयीने मांडतात, आणि त्यांच्या नकळत रेल्वे पुन्हा खेळणे होते. वाघीण परवा जेथे होती तेथे आज नसेल तर परवाच्या कामाला अर्थ उरत नाही.

अण्णांनी यासाठी एक वही घातली. शनिवारी सूर्यास्तापूर्वी त्यांचे जेवण व्हायचे असते, त्यामुळे गाड्या चारच्या सुमारास थांबतात. अण्णा मग उत्तरेकडून दक्षिणेकडे चालत प्रत्येक वाघिणीचा क्रमांक, सायडिंग, सायडिंगातला कितवा क्रम, भरलेली की रिकामी, हे लिहून घेतात आणि कार्डांशी ताळा करतात. पानाच्या शेवटी एकूण वाघिणी. त्या सत्तेचाळीस भरल्याच पाहिजेत. एकदा सेहेचाळीस भरल्या. अंधारू लागले, सुनेने दोनदा हाक मारली, तरी अण्णा हलेनात. अखेर सत्तेचाळिसावी बोगद्यात सापडली. गाडीतून सुटून मागे राहिली होती. त्या दिवशी त्यांनी फक्त पाणी घेतले, तेही सूर्य बुडण्याच्या आत. पुढल्या पानाच्या डोक्यावर त्यांनी मराठीत लिहिले, 'मागील पानावरून पुढे'. शेजाऱ्यांनी त्याचा अर्थ विचारून घेतला आणि ती अक्षरे काढायला शिकले. त्यांच्या हातची ती थोडी वाकडी येतात.

गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस शेजारी पायऱ्यांवरून पडले आणि खुब्याचे हाड मोडले. हिवाळा रुग्णालयात आणि नंतर खुर्चीत गेला. वाकता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. सांधे हाताने बदलायचे, कपलिंग सळईने सोडायचे, सारेच काम वाकण्याचे. फेब्रुवारीत त्यांची मुलगी दूरच्या गावाहून आली. वडिलांनी पुन्हा बागेत उतरून पडू नये ही तिची काळजी रास्त होती. तिने फळ्यांवरच्या वाघिणींचे फोटो काढायला सुरुवात केली. विकायच्या तर एकत्र विकाव्यात की सुट्या, हे अण्णांना विचारावे, ते व्यापारी आहेत, असे तिला कोणी सुचवले.

अण्णांना प्रत्येक वाघिणीची किंमत करता आली असती. त्यांनी विचार करायला एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी ते नातीला घेऊन गेले तेव्हा हातात ती वही होती. त्यांनी शेवटचे पान उघडून दाखवले. ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी सत्तेचाळीसपैकी एकोणीस वाघिणी भरलेल्या आणि वाटेत होत्या. ते म्हणाले, "विकायचे असेल तर विकावे, मालक तुम्ही आहात. पण माल वाटेत असताना दुकान बंद करता येत नाही. आधी हा माल पोहोचवू."

मुलीने नातीकडे पाहिले, मग वडिलांकडे. वडील खिडकीतून बाहेर पाहत होते. माल पोहोचवायला किती शनिवार लागतील, असे तिने विचारले. येथे अण्णांना मोघम बोलता आले असते. त्यांनी एक कार्ड तिच्या हाती दिले, खिशातली बिल्टी काढून तिच्या चारही बाजू एकामागून एक फिरवून दाखवल्या, आणि चौथीनंतर पुन्हा पहिली येते हेही सांगितले. ती बिल्टी तिने स्वतः दोनदा फिरवून पाहिली. फोटो काढायचे तिने त्या दिवशी थांबवले. नंतर विकायचे की नाही हे अजून ठरलेले नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी बर्फ गेला होता. अण्णांनी कुंच्याने मार्ग झाडला, हिवाळ्यात खचलेली खडी दोन ठिकाणी भरली, आणि वही उघडून एकेक वाघीण तिच्या जागी नेऊन ठेवली. नात कार्ड वाचून दाखवत होती. दीड तास लागला. शेजाऱ्यांची खुर्ची माउंट युनियनच्या यारीजवळ आणून ठेवली होती. इंजिनाचा रेडिओ त्यांच्या मांडीवर. सांधे बदलायला मुलगी गाडीबरोबर चालणार होती. तिला समोरच्या तोंडाचे सायडिंग कोणते हे दोनदा समजावून द्यावे लागले.

विटांच्या कारखान्याच्या दारात दगडाची एक वाघीण ऑक्टोबरपासून उभी होती. माल उतरवून घ्यायला अमेरिकन रेल्वे पूर्वी अठ्ठेचाळीस तास मोफत देत असे, त्यापुढे डेमरेज. शेजाऱ्यांनी खुर्चीतून विचारले, कारखान्याकडे आपले किती निघते? अण्णांनी बोटांवर दिवस मोजले, मोफतीचे दोन वजा केले, आणि वहीच्या मागच्या बाजूस नवे खाते उघडून विटांच्या कारखान्याच्या नावे येणे मांडले. मग त्यांनी हात वर केला, आणि रिकाम्या वाघिणी घेऊन पहिली गाडी खाणीकडे निघाली.